शांत खोली मागून घ्यावी लागते

मागच्या माघात आम्ही दोघं नाशिकच्या एका महागड्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच होती. जाहिरातीत 'निवांत' हा शब्द तीनदा आला होता. स्पा होता, पोहण्याचा तलाव होता, खोलीत शिरताच गवती चहाचा मंद वास येत होता. आणि खिडकीखालच्या लॉनवर एक भलंमोठं वऱ्हाड उतरलं होतं. संध्याकाळी सहाला संगीत सुरू झालं, दहाला लॉनवरचं बंद झालं आणि सव्वादहाला तेच संगीत आमच्या बरोबर खाली असलेल्या हॉलमध्ये सुरू झालं. बुकिंग करताना मी फोनवर नाश्त्याला काय असतं ते विचारलं, स्पाचे दर विचारले, पार्किंगचंही विचारलं. त्या शनिवारी तुमच्याकडे लग्न आहे का, एवढंच विचारायचं राहिलं.

मुंबई-पुण्याहून दोन दिवस विसाव्यासाठी नाशिकला येणारे आता पुष्कळ आहेत. खुद्द नाशिककरही घरातल्या कामांपासून पळून आपल्याच गावातल्या हॉटेलात एखादी रात्र काढू लागले आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. या सगळ्यांसाठी मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात असं: शांतता ही हॉटेलच्या ताऱ्यांवर ठरत नाही. ती वार, तिथी आणि खोलीची बाजू यांवर ठरते. हे तिन्ही तुम्ही फोनवर पाच मिनिटांत ठरवू शकता, आणि त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

नाशिकला विसाव्याला येण्याची रीत जुनी आहे. पेशवाईत पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाजूला होऊन गोदेकाठी गंगापूरला येऊन राहिल्या. इंग्रजांनी देवळालीला छावणी वसवली आणि तिथल्या कोरड्या हवेची कीर्ती मुंबईपर्यंत गेल्यावर पारशी, गुजराती मंडळींनी लॅम रोडच्या आसपास सॅनेटोरियमं बांधली. दमेकऱ्यांनी, बाळंतिणींनी, आजारातून उठलेल्यांनी महिना महिना तिथे काढला. याच देवळालीने इंग्रजीला 'डूलॅली' हा शब्द दिला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत छावणीत नुसते बसून राहिलेले गोरे सोल्जर कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून तो आला. म्हणजे ज्या हवेत आपले लोक बरे व्हायला जात, तिथेच रिकामपणाने त्यांची डोकी फिरत होती. विसावा कुणाला किती दिवस मानवतो याचा विचार बुकिंगच्या आधी करावा. दोन रात्री बहुतेकांना पुरतात. तिसऱ्या दिवशी माणूस फोन हातात घेऊन ऑफिसच्या मेल वाचू लागतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आता वार आणि तिथी. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकच्या बड्या हॉटेलांना दोन प्रकारचं गिऱ्हाईक असतं. सोमवार ते शुक्रवार कंपन्यांच्या कामाला आलेले लोक, शनिवार-रविवार कुटुंबं. कामाची माणसं सकाळी नऊला निघून जातात आणि रात्री जेवून झोपतात. त्यांचा त्रास नाही, पण नाश्त्याच्या वेळी गर्दी असते. कुटुंबं दिवसभर तलावात असतात आणि मुलं व्हरांड्यातून पळतात. या दोहोंच्या मधली फट म्हणजे रविवारची रात्र. मुंबईकर दुपारी चेक-आउट करून कसाऱ्याच्या रांगेत उभे असतात आणि कंपनीवाले अजून आलेले नसतात. सोमवारची रजा टाकता आली तर रविवारी दुपारी या आणि मंगळवारी सकाळी जा. दरही बहुधा शनिवारपेक्षा उतरलेले असतात.

तिथीचं गणित आणखी सोपं आहे, घरातल्या कालनिर्णयावर बोट ठेवून करता येतं. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत ज्या दिवशी मुहूर्त आहे त्या दिवशी हॉटेलात लग्न आहे असंच धरून चाला. बड्या हॉटेलांचं पोट खोल्यांइतकंच बँक्वेट हॉलवर आणि लॉनवर भरतं, तेव्हा तुमच्या झोपेसाठी ते वऱ्हाड परत पाठवणार नाहीत. चातुर्मासात लग्नं थांबतात, पण मग पावसाळी पर्यटक येतात. अंजनेरी, ब्रह्मगिरी, पहिने या बाजूला धबधबे सुरू झाले की शनिवारी त्र्यंबक रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी अख्खी रात्र माणसं चालत असतात. त्यानंतर गणपती, ढोलपथकं. होळीनंतर रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात. त्या बघायला मुद्दाम यावं, पण विश्रांतीच्या यादीत तो दिवस धरू नये.

उरतो पितृपक्ष. आपल्याकडे या पंधरवड्यात कुणी लग्न करत नाही, साखरपुडा करत नाही, गाडी घेत नाही, गृहप्रवेश करत नाही, त्यामुळे पार्ट्याही नाहीत. श्राद्धासाठी रामकुंडावर गर्दी असते, त्र्यंबकला असते, पण ती माणसं पंचवटीत गुरुजींकडे नाहीतर धर्मशाळेत उतरतात. पाऊस परतीला लागलेला असतो, गंगापूर धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात. 'पितृपक्षात कसली मौज' असं घरातलं ज्येष्ठ माणूस म्हणेल. त्यांना सांगा की मौजेला नाही, झोपायला चाललोय. अधिक मासाचंही बरंचसं असंच आहे.

खोलीच्या बाजूकडे येतो. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा थांबू.

नाशिकच्या बहुतेक मोठ्या साखळी हॉटेलांची वस्ती मुंबई-आग्रा महामार्गाच्या आसऱ्याने झाली आहे. टाटांच्या ताज समूहाचं 'गेटवे' अंबडला आहे, पांडवलेण्यांच्या डोंगराजवळ. अलीकडच्या काळात 'कोर्टयार्ड बाय मॅरियट' आणि 'रॅडिसन ब्लू' आली. महामार्ग सोयीचा आहे, मुंबईहून येणाऱ्याला शहरात शिरावं लागत नाही. पण रात्रभर ट्रक असतात. शहरातून जाणारा जवळपास सहा किलोमीटरचा उड्डाणपूल २०१३ साली सुरू झाला, तेव्हापासून जड वाहनं जमिनीवरून न जाता दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जातात. म्हणून 'उंच मजला द्या' एवढं सांगून भागत नाही. पुलाच्या पातळीच्या वर आणि रस्त्याच्या उलट्या बाजूची खोली मागायची. समोरचा 'सर, सिटी व्ह्यू घ्या ना' म्हणेल. नको म्हणा. रात्री सिटी व्ह्यू म्हणजे ब्रेकचे लाल दिवे.

रस्त्याची बाजू टाळली तरी इमारतीच्या आतले आवाज उरतात. लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली खोली नको. हाउसकीपिंगच्या खोलीसमोरची नको, पहाटे ट्रॉलीची चाकं खडखडतात. दोन खोल्यांमध्ये दार असलेली, म्हणजे कनेक्टिंग रूम, तर मुळीच नको. त्या दारातून शेजारच्या माणसाचं घोरणंसुद्धा पाहुण्यासारखं आत येतं. गच्चीवर बार किंवा रेस्टॉरंट असेल तर सर्वात वरचा मजला टाळा. जनरेटर आणि एसीची मोठी यंत्रं कुठल्या बाजूला आहेत हे विचारा, ती बहुधा मागे असतात आणि 'मागची शांत बाजू' म्हणून नेमकी तीच आपल्या पदरात पडते. आणि हॉलच्या वरची खोली नको, याचं कारण आमच्या सव्वादहाच्या संगीतात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. पण बंद बँक्वेट हॉलला नियमात वेगळी वाट आहे. त्यामुळे लॉनवरची वरात दहाला गप्प होते आणि हॉलमध्ये पुन्हा जिवंत होते.

हे सगळं आरक्षणाच्या वेबसाइटवरच्या छोट्या चौकटीत लिहून होत नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षाला थेट फोन करा, शक्यतो दुपारी तीन-चारच्या सुमारास, तेव्हा त्यांनाही उसंत असते. तारीख सांगून विचारा: त्या दिवशी लॉनवर किंवा हॉलमध्ये काही कार्यक्रम आहे का? कुठल्या मजल्याचं काम चालू आहे का? मग खोलीची मागणी सांगा, सांगितलेलं मेलवर पाठवा आणि उत्तर मागवा. पोचल्यावर सामान खोलीत जाण्याआधी आपण खोलीत जाऊन दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. एसी बंद करा, टीव्ही बंद करा, ऐका. काही खटकलं तर तेव्हाच बदलून मागा. कपडे कपाटात लावून झाल्यावर बदलायला आपलंच मन होत नाही, हे हॉटेलवाल्यांना पक्कं माहीत असतं.

दोन आवाज मात्र कुठलीही खोली थांबवू शकत नाही. देवळालीला तोफखान्याचा सराव असतो, वारं तिकडून असलं की लांबवर धडधड ऐकू येते. आणि ओझरहून सुखोई उडतात. नाशिककर दोन्हींकडे लक्ष देत नाहीत. तुम्हीही देऊ नका.

आता ताऱ्यांचं. हॉटेलला तारे देण्याचं काम केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती करते. हॉटेलाने स्वतः अर्ज करावा लागतो आणि मिळालेला दर्जा पाच वर्षं टिकतो. आरक्षणाच्या ॲपवर दिसणारे तारे म्हणजे तेच असतील असं नाही, ते ॲपने स्वतःही लावलेले असू शकतात. शांततेशी तर दोन्हींचा संबंध नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत 'सुला' या वाइन कंपनीची निवासी ठिकाणं आहेत. तिथे महामार्ग नाही आणि सकाळी पक्ष्यांनी जाग येते. पण शनिवारी दुपारी वाइन प्यायला आलेली अर्धी मुंबई तिथे असते. मळ्यातलं हॉटेल आपोआप शांत असतं हा गैरसमज मी दोनदा पैसे मोजून घालवला आहे. तिथेही रविवारची रात्रच पाहा. द्राक्षं वेलीवर बघायची असतील तर जानेवारी अखेर ते मार्च हा काळ धरा, पावसाळ्यात नुसती पानं दिसतात.

स्पा. दर हॉटेलगणिक बदलतात, म्हणून आकडे देत नाही, पण विचारायचं काय ते सांगतो. साठ मिनिटं म्हणजे मालिशची साठ, की कपडे बदलणं, पाय धुणं, शेवटचा चहा धरून साठ? मालिश करणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे तुम्ही ठरवू शकता का? तेल कोणतं? तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची ॲलर्जी असणारे असतात. रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया, पायावरच्या फुगलेल्या शिरा यांतलं काही असेल तर विचारलं नाही तरी सांगा. ज्या ठिकाणी यातलं काहीच न विचारता थेट टॉवेल हातात ठेवतात तिथे मी परत जात नाही. जेवणानंतर दोन तास तरी मालिश नको. वाइनचा घोट झाल्यावर स्टीम किंवा सौना अजिबात नको. नाशिकला या दोन गोष्टी एकाच दुपारी करण्याचा मोह होतो, आणि रक्तदाब उतरून चक्कर येते ती अशीच.

बहुतेक स्पांच्या पाटीवर शिरोधारा असते आणि खाली 'पंचकर्म' असं लिहिलेलं असतं. कपाळावर तेलाची धार अतिशय सुखाची असते, जरूर घ्या. पण ते पंचकर्म नव्हे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही ती पाच कर्मं. त्यांच्या आधी स्नेहन-स्वेदनाचे दिवस लागतात, नंतर पथ्याचे. शनिवार-रविवारात ते बसत नाही, आणि वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय कुणी करूही नये. ज्यांना खरं पंचकर्म हवंय त्यांनी हॉटेलात न जाता वैद्याकडे जावं. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेदाचं जुनं महाविद्यालय आहे, शहरात या शास्त्राची जाण असलेली माणसं कमी नाहीत.

तलावाबद्दल एकच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडचा आकडा तर रोज पेपरात छापून येतो. उघड्यावरच्या तलावाचं पाणी तापवलेलं आहे का हे विचारल्याशिवाय पोहण्याचे कपडे पिशवीत भरू नका. नायलॉनचा पोशाख आणि टोपी बहुतेक ठिकाणी सक्तीची असते, सुती बर्मुडा चालत नाही.

नाश्त्याच्या बाबतीत मी पक्षपाती आहे. हॉटेलचा नाश्ता दरात धरलेला असतो, पन्नास पदार्थ मांडलेले असतात, आणि माणूस पैसे वसूल करण्याच्या ईर्ष्येने खातो, मग अकरापर्यंत पडून राहतो. दोन रात्रींपैकी एका सकाळी तो सोडा. बाहेर मिसळ खा. नाशिकला येऊन मिसळ न खाता परतलेला माणूस मनात रुखरुख घेऊन जातो आणि रुखरुख असली की विश्रांती लागत नाही. फक्त त्या दिवशी दुपारी मालिश ठेवू नका, काळ्या रश्श्याचं आणि पालथं झोपण्याचं जमत नाही. आणि रविवारी सकाळी नऊनंतर मिसळीला जाऊ नका, रांगेतच दुपार होईल.

येण्याचं साधन हाही विसाव्याचाच भाग आहे. मुंबईहून अंतर एकशे सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण ठाणे-भिवंडीची कोंडी सोडवायला तो रस्ता काही करू शकत नाही. मला विचाराल तर रेल्वेने या. फक्त हे लक्षात ठेवा की नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे आणि अंबड त्याहून पुढे. हॉटेलची गाडी आधी सांगून ठेवली तर ते पाठवतात, पण तिचे पैसे विचारून घ्या. रिक्षापेक्षा किती पट आहेत ते ऐकून मग ठरवा.

पैशांचं बोलायलाच हवं, कारण शेवटच्या सकाळी काउंटरवर वाद झाला की दोन दिवसांचा निवांतपणा पाच मिनिटांत उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ही पायरी उंच आहे. ७,५००ची खोली करासह ७,८७५ला पडते, आणि ७,६००ची ८,९६८ला. शंभर रुपयांच्या फरकाला जवळपास अकराशे रुपये. तेव्हा दर ७,५००च्या किंचित वर सांगितला तर घासाघीस करण्यात कमीपणा मानू नका, 'सात हजार पाचशेवर आणा' इतकं म्हणून बघा. ऐन मोसमात ऐकणार नाहीत, पितृपक्षात ऐकतील. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही बहुधा १८ टक्के असतात, बाहेर ५. म्हणजे मिसळीच्या बाजूने आणखी एक मुद्दा झाला.

जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ असेल तर ती काढायला सांगता येते. तो सरकारी कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे हॉटेलाने तो आपणहून बिलात लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. काउंटरवर ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र ज्या पोऱ्याने रात्री बाराला गरम पाण्याची पिशवी आणून दिली त्याच्या हातात शंभराची नोट ठेवायला त्या सूचनांची आडकाठी नाही. बिल आदल्या रात्रीच खोलीत मागवा, चहा घेत वाचा, चूक असेल तर सकाळच्या गर्दीआधी दुरुस्त होते.

काही वाचकांना हे सगळं वाचून वाटेल, एवढी शांतता हवी तर इगतपुरीला का जाऊ नये? जावं की. सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात, दहा दिवस मौन, फोन जमा, राहणं-जेवण विनामूल्य, देणगी शेवटी स्वेच्छेने. पण ती साधना आहे, पहाटे चारला उठायचं असतं. थकलेल्या माणसाला आधी झोप हवी. झोप झाली की मौनाचं बघता येईल.

आणि एक सूचना, जी पुढची दोन वर्षं लागू राहील. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. मुख्य स्नानं २०२७ च्या २ ऑगस्टला, ३१ ऑगस्टला आणि ११ सप्टेंबरला, त्र्यंबकला शेवटचं १२ सप्टेंबरला. रस्त्यांची, घाटांची, पुलांची कामं त्याआधीपासूनच चालू असतात, म्हणून बुकिंगच्या फोनवर 'समोरचा रस्ता खणलाय का' हाही प्रश्न घाला. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकला यायचं ते कुंभासाठी या. विश्रांतीचा बेत त्या दोन महिन्यांत करू नका, आणि केलाच असेल तर पैसे परत मिळण्याची अट आजच वाचून ठेवा.